यल, यम, यन

“यम? आन् त्यो रेड्यावर बसून येतो का चालत?” साडू म्हणाला, आणि दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सगळी माणसं खदाखदा हसली.

हनुमंतही हसला. हसला म्हणजे काय, साडूच्या घरी बसून त्याच्या बायकोच्या हातच्या करंज्या खाताना माणसाला जेवढं हसावं लागतं तेवढं त्याचं तोंड फाकलं. हर्षदा खोलीच्या मधोमध उभी होती, दिवाळीच्या नव्या फ्रॉकमध्ये, हात मागं बांधून. तीही हसली, कारण सगळे हसत होते आणि तिला वाटलं आपण काहीतरी छान म्हटलं. तिचं ते हसणं हनुमंताला सगळ्यात जास्त लागलं. खरं तर तिला कुणी म्हणायला सांगितलंच नव्हतं. साडूच्या, म्हणजे पोपटरावाच्या, पृथ्वीराजनं आधी ए बी सी डी म्हणून दाखवली होती, एल एम एन ओ पी, गोट्या टाकाव्यात तशी टकाटक, आणि हनुमंताच्याच जिवाला राहवलं नाही. “आमची बी म्हणती की. म्हण गं हर्षे.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरगी आपली शाळेत शिकवलं तसं खड्या आवाजात म्हणत गेली, यफ, जी, यच, आणि मग यल, यम, आणि यमाशी पोपटरावानं तिला अडवलं. यस आणि यक्स तर अजून यायचेच होते.

सख्ख्या भावाचं बरं चाललेलं माणूस एकवेळ सोसतो, साडूचं सोसत नाही. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांचेही बाप मेंढरांमागं हिंडलेले, दोघांचीही पोरं यंदा दुसरीत, आणि दोन्ही शाळा सरकारीच. पोपटरावाच्या पोराची दौंड नगरपालिकेची, हर्षदाची शिरूरला जिल्हा परिषदेची. पुस्तक तेच, शाळेतून मिळणारा तांदूळ तोच, गेल्या वर्षी सरकारनं पहिलीपासून इंग्रजी करायचं ठरवलं तो हुकूमही दोन्हीकडं एकाच दिवशी पोचला असणार. मग एकाच्या तोंडात एम आणि दुसरीच्या तोंडात यम आला कुठून? परतीच्या यष्टीत खिडकीला डोकं टेकून हनुमंत हेच चघळत राहिला. न्हावऱ्यापर्यंत गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागून रखडत चालली होती. पुढच्या बाकावर हर्षदा उभी राहून दिसेल ते वाचत होती, मोठ्यानं, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं. धूम्रपान करू नये. आपत्कालीन दरवाजा. त्या ‘आपत्कालीन’वर ती जरा अडखळली, परत मागं जाऊन तिनं तो शब्द फोडला आणि पुढं गेली. कंडक्टर कौतुकानं म्हणाला, “कितवीला हाय गं?” कस्तुरानं, हनुमंताच्या बायकोनं, अभिमानानं नवऱ्याकडं पाहिलं. हनुमंतानं पाहिलंच नाही. त्याच्या कानात अजून ते खदाखदा चाललं होतं, आणि आपत्कालीन दरवाजा वाचून दाखवणारी पोरगी त्याला त्या वेळी मुळी दिसतच नव्हती.

“आवं, येवढं काय मनाला लावून घ्यायचं,” कस्तुरा म्हणाली. “दाजींची जीबच तसली हाय. यम काय आन् येम काय, पोरगी वाचती की.” तिला कसं सांगायचं? तिनं कधी कंपनीत काम केलं नव्हतं. रांजणगावच्या ‘यमायडीसी’त, जिला तो स्वतः, त्याचे सोबती, यष्टीचा कंडक्टर, चहावाला, सगळे यमायडीसीच म्हणत आले होते, तो एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. लागला त्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. सुपरवायझर खाली टेबलाशी आणि हनुमंत वर शिडीवर, खोक्यांवरचे नंबर वाचून सांगायचा. एका खोक्यावर अक्षर पुसट होतं. सुपरवायझर म्हणाला, “एफ आहे की एस?” हनुमंत म्हणाला, “यस.” “येस काय? एफ की एस?” “यस, साहेब.” “अरे, येस येस काय करतोस, मी विचारतोय एफ की एस!” “तेच सांगतोय साहेब, यस! यस!” तो शिडीवरून ओरडत राहिला आणि खाली माणसं गोळा होत गेली. पुण्याची होती, बिहारची होती, एक तर त्याच्याच गावचा निमोण्याचा होता आणि तोच सगळ्यात जोरात हसत होता. शेवटी हनुमंतानं हवेत बोटानं ते वेटोळं काढून दाखवलं. त्या दिवसापासून स्टोअरमध्ये त्याचं नाव ‘यस साहेब’ पडलं. त्यात वाईट काही नव्हतं, पोरं प्रेमानंच म्हणायची, चहा पाजून म्हणायची. पण नंबर वाचायचं काम त्याच्याकडं परत आलं नाही. नंतर आलेली पोरं टेबलाशी बसली, हनुमंत शिडीवरच राहिला. हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं, आणि आता दिवाळीच्या करंज्यांसमोर, स्वतःच्या पोरीच्या तोंडून, ते सगळं परत ऐकलं होतं.

बरं, अक्षर काही त्याला कळत नव्हतं असं नाही. डोळ्याला दिसायचं, बोटाला काढता यायचं. अडायचं ते जिभेशी. त्याच्या जिभेला नुसत्या ‘ए’वर चढताच यायचं नाही, आधी ‘य’ची पायरी लागायची. सायकलवरून जाताना, अंघोळ करताना, वर्कशॉपच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी उभं राहून त्यानं पुष्कळ प्रयत्न केले होते. ए... म. ए... म. दोन तुकड्यांत यायचा. जोडायला गेलं की मधूनच य घुसायचा, घरच्या कार्याला न बोलावलेला पाहुणा यावा तसा. त्याचा बाप हरिबा टाळूवर जीभ घोळवून एक आवाज काढायचा, ना त्याला अक्षर ना काही, आणि माळावर पांगलेली सगळी मेंढरं माना वळवायची. तो आवाज हनुमंतालाही येत होता. लहानपणी मेंढरांचा वाडा आज या गावाच्या शिवारात तर पुढच्या महिन्यात त्या, असा हलायचा, आणि हरिबा त्याला जवळ असेल त्या शाळेत नेऊन बसवायचा. “बसू द्या गुर्जी, चार दीस.” नाव पटावर नसायचंच. काही गुरुजी बसू द्यायचे, काही दाराशी बसवायचे. पोरं नाक धरून सरकायची, कारण त्याच्या घोंगडीला लोकरीचा आणि दुधाचा वास यायचा. त्याला आठवत होतं ते एवढंच, की कुठल्याही शाळेत गेलं तरी धडा त्याच्यापुढं गेलेला असायचा किंवा मागं राहिलेला असायचा, आणि कुणी काही विचारलं की गप्प बसणं हे सगळ्यात शहाणपणाचं उत्तर असायचं. पोरीच्या बाबतीत हे व्हायचं नव्हतं. त्यासाठीच तर निमोण्याची घरची शेती भावावर टाकून त्यानं शिरूरमध्ये खोली घेतली होती.

दिवाळीची सुट्टी संपली आणि हनुमंताला शाळांचं वेड लागलं. त्याची दुपारची शिफ्ट होती, सकाळ मोकळी असायची. आधी त्यानं घरमालकाला विचारलं. घरमालक आण्णा सोसायटीतून रिटायर झालेला, ओट्यावर बसून गावाचा न्याय करणारा माणूस. त्याची नात मोनाली नदीकाठच्या शाळेत होती. “आपली शाळा एक नंबर,” आण्णा म्हणाला. “का म्हणशील तर कंपाउंड हाय.” शेजारची बाई म्हणाली, कंपाउंडाला काय चाटायचंय, मळ्यातल्या, म्हणजे हर्षदाच्याच शाळेचा तांदूळ बिनखड्याचा असतो. तिसरा म्हणाला, ज्या शाळेतली पोरं मार खाऊन येतात ती शाळा चांगली, तिथं निदान मास्तर वर्गात असतो. चौथ्याचं म्हणणं, बाई पुण्याहून येते की गावातच राहते ते बघा, पुण्याहून येणारी चांगली. त्यावर पाचवा, पुण्याहून येणारी पोचते कवा आन् निघते कवा ते बी बघा. एक जण नुसता रंगावर गेला. त्या शाळेला गुलाबी रंग दिलाय म्हणाला, बघूनच कळतं. हनुमंत ऐकत राहिला आणि चिडत राहिला. एवढी पोटची पोरं घालायची त्या शाळेत, आणि माणसं बैल बघायला बाजारात गेल्यासारखी बोलतात. बैलाचे निदान दात तरी बघतात. शाळेच्या तोंडात बोट घालून बघायचं कसं? मग त्याचं त्यालाच सुचलं, की आपल्याकडं एक माप आहे. एकच आहे, पण पक्कं आहे. कानानं ऐकायचं. आत एम म्हणतात की यम.

आणि तो खरोखरच ऐकत हिंडला. सायकल भिंतीला लावायची, चेन पडल्याचं निमित्त करून खाली बसायचं आणि वर्गाच्या खिडकीकडं कान द्यायचा. शिरूरमधल्या दोन शाळा झाल्या. एका ठिकाणी सगळा वर्ग नुसता हुंबरत होता, अक्षर वेगळं काढता येईना. दुसऱ्या ठिकाणी शिपाई येऊन म्हणाला, “काय पायजे?” तिसरी नदीकाठची. घोडनदीवरून गार वारा येत होता, सकाळचं ऊन भिंतीवर पडलेलं, आणि आतून एका बाईंचा आवाज आला, स्वच्छ, घासलेल्या भांड्यासारखा. “एल. एम. एन.” पोरं मागून म्हणाली, एल, एम, एन. हनुमंताच्या हातातली चेन हातातच राहिली. इतक्या सहज? पायरी नाही, काही नाही, नुसता ए. त्याला आपल्या पाठीवरून कुणी हात फिरवल्यासारखं वाटलं, आणि लगेच राग आला. राग कुणाचा ते कळेना. त्या बाईंचा नाही, मळ्यातल्या गुरुजींचाही नाही, पोपटरावाचा तर त्या क्षणी विसरच पडला होता. एवढी सोपी गोष्ट होती, भिंतीच्या पलीकडं होती, आणि आपण इतकी वर्षं भिंतीच्या अलीकडं शिडीवर उभे होतो, असा काहीतरी तो राग होता.

मळ्यातल्या शाळेचे मच्छिंद्र गुरुजी वाईट होते असं त्यांच्या वैऱ्यानंही म्हटलं नसतं. दोन खोल्या, चार वर्ग, आणि एकटा माणूस. पोरांना घेऊन ते हायवेला जायचे आणि ट्रकमागचं, दुकानांवरचं, भिंतींवरचं सगळं वाचून घ्यायचे. हर्षदाला वाचायचा चस्का लागला तो त्यातूनच. सायकलच्या दांडीवर बसली की सुरू. येथे पिको फॉल करून मिळेल. पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा. आप्पा, सावकाश चालवा म्हणत्यात! तिला प्रश्नही फार पडायचे, आणि ती ते गुरुजींना विचारायची, गुरुजींना येत नसलं तर ते म्हणायचे, उद्या सांगतो, आणि उद्या खरंच सांगायचे. इंग्रजी मात्र त्यांना सरकारनं उतारवयात गळ्यात बांधलेलं. हनुमंत दाखला मागायला गेला तेव्हा ते खुर्चीवर चढून घड्याळाला चावी देत होते. “दाखला? का हो?” हनुमंताला काय सांगावं सुचेना. गुरुजी, तुम्ही यम म्हणता, हे तोंडावर कसं म्हणायचं, आणि ते म्हणायला आपलं तोंड तरी कुठं त्या लायकीचं आहे? “नदीकाठची जवळ पडती,” तो म्हणाला. गुरुजी खुर्चीवरून उतरले. मळ्यातली शाळा हनुमंताच्या खोलीवरून हाकेच्या अंतरावर होती आणि नदीकाठची गावाच्या दुसऱ्या टोकाला. हे दोघांनाही माहीत होतं. गुरुजींनी बसून चष्मा पुसला. “बरं,” म्हणाले. “पोरगी गुणाची हाय. लई इचारती. इचारू द्या म्हनावं तिकडं.” मग उठता उठता म्हणाले, “उद्या या. यल्शी तयार ठिवतो.” आणि एवढा वेळ मनातून खजील झालेल्या हनुमंताला त्या ‘यल्शी’नं एकदम धीर आला. बरोबर करतोय आपण, त्याला वाटलं. शाळा सोडल्याचा दाखला देतानासुद्धा माणूस चुकतो.

घरी मात्र कस्तुरानं दोन दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं. “कुनी वर्साच्या मदी शाळा बदलतं का? भरल्या ताटावरनं उठवल्यासारखं.” तिचं म्हणणं पुष्कळसं खरं होतं, म्हणूनच त्याला सोसेना. “तुला काय कळतंय,” तो ओरडला, आणि ओरडल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिला समजावून सांगायला आपल्याकडं एक अक्षर आहे फक्त, आणि तेही आपल्याला म्हणता येत नाही. हर्षदा एवढंच म्हणाली, “गुर्जी बी येनार का तिकडं?” नाही म्हटल्यावर ती रडली नाही. आपली पाटी स्वच्छ पुसून दप्तरात भरत बसली.

नदीकाठच्या शाळेत सगळं ठरल्यासारखं झालं. बाईंना तिथं मॅडम म्हणायचं होतं. वर्गात पोरं खच्चून भरलेली, हर्षदाला मागच्या रांगेत जागा मिळाली. आठवड्यातच ती घरी ‘एम’ म्हणायला लागली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हनुमंतानं तिला परत म्हणायला लावलं, मग परत, मग कस्तुराला भाकऱ्या थापायचं सोडून बाहेर बोलावलं. “ऐक. ऐक आता.” हर्षदा म्हणाली, एल, एम, एन, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला वाटलं, आता दौंडला जावं, आत्ता, या घडीला. पण पुढं पुढं त्या आनंदात काहीतरी खुपायला लागलं. सायकलवर ती आता मोठ्यानं वाचेना. दांडीवर गप्प बसायची, ओठ मात्र हलायचे. ते त्याला वरून दिसायचं नाही, समोरून येणाऱ्या दुकानाच्या काचेत दिसायचं. मोठी झाली, त्यानं स्वतःला सांगितलं, शहाणी झाली, शहरातली पोरं अशी रस्त्यानं बोंबलत जात नाहीत. आण्णाच्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं, नदीकाठच्या शाळेत हजेरी तेवढी घेतात, शिकवत काही नाहीत. दुसऱ्यानं लगेच सांगितलं, मळ्यातल्या शाळेला आता नवीन खोली मंजूर झाली आहे. आण्णा म्हणाला, “कुठंबी जावा, पळसाला पानं तीनच.” महिन्यापूर्वी हाच आण्णा कंपाउंडाची महती गात होता. हनुमंत तिथून तडक उठून आला. आपण निवडलेली गोष्ट चांगली निघावी म्हणून माणूस किती काय काय दिसलेलं न दिसल्यासारखं करतो, हे त्याला स्वतःवरूनच कळत होतं, आणि कळूनही तो तेच करत होता.

जानेवारी सरता सरता शाळेत पालकांची सभा झाली. हनुमंतानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला. पोरांच्याच बुटक्या बाकांवर पालक गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, पोरं भिंतीला उभी. मॅडम एकेकाचं नाव घेऊन बोलत होत्या. बाई चांगल्या होत्या, हे त्याला बघताक्षणी कळलं. ओरडत नव्हत्या, कुणाचा पाणउतारा करत नव्हत्या. त्यामुळं हर्षदाचं नाव आलं तेव्हा तो निर्धास्त उभा राहिला. “हर्षदाचं अक्षर छान आहे,” मॅडम म्हणाल्या. “सगळं लिहिते. फक्त मला तुम्हाला एक विचारायचं होतं.” त्यांनी आवाज जरा उतरवला. उतरवलेला आवाज अख्ख्या वर्गाला नीट ऐकू येतो, हे चांगल्या माणसांच्या ध्यानात येत नाही. “ती आल्यापासून वर्गात बोललेलीच नाही हो. एक शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर करते. सगळ्यांबरोबर म्हणायचं असतं तेव्हाही ओठ तेवढे हलवते. आधी मला वाटलं, नवी आहे, लाजते. पण आता इतके दिवस झाले. म्हणजे, तिला बोलण्याची काही अडचण आहे का? कुणाला दाखवलंय का तुम्ही?”

हनुमंताच्या कानात एकदम काहीतरी दाटून आलं, आणि त्या दाटून आलेल्यातून त्याला त्याचाच आवाज ऐकू आला. याच शाळेचं फाटक, पहिली सकाळ, तो तिच्या वेणीची रिबन नीट करत होता. हर्षे, हितं मळ्यातल्यासारखं बोलायचं न्हाई. हितली पोरं नीट बोलत्यात. चुकणार असंल तर बोलूच नको. आधी ऐक, आन् पक्कं आलं की मगच तोंड उघड. कळलं का? तिनं मान हलवली होती. तिला त्यानं जे जे सांगितलं ते ते तिनं नेहमी ऐकलं होतं. एवढं तो तेव्हा बोलून गेला होता आणि रिबन बांधून, सायकलवर टांग टाकून, निघून गेला होता. त्यानं भिंतीकडं पाहिलं. मोनालीच्या शेजारी हर्षदा उभी होती, दोन्ही हात मागं बांधून, आणि त्याच्याकडंच बघत होती. चेहऱ्यावर ना भीती ना अपराध. सांगितलेलं काम चोख करणाऱ्या पोराचा असतो तसा चेहरा. दौंडला त्या खोलीत सगळ्यांबरोबर हसणारी ती पोरगी कुठं गेली, असं त्याला ओरडून विचारावंसं वाटलं. पण विचारायचं कुणाला, आणि कुठल्या भाषेत? आजूबाजूचे पालक वळून वळून बघत होते. कुणीतरी हळूच “मुकी हाय का?” म्हणालं. त्याच्या पोरीला, यष्टीला आपत्कालीन दरवाजा वाचून दाखवणाऱ्या त्याच्या पोरीला कुणीतरी मुकी म्हणत होतं, आणि ती मुकी नाही हे सांगायला त्याला आता तोंड उघडणं भाग होतं.

“न्हाई, मॅडम,” तो म्हणाला. “तशी काय आडचन न्हाई. घरी बोलती ती. लई बोलती.”

“बोलते,” भिंतीकडून आवाज आला.

मॅडम वळल्या. सगळेच वळले. हर्षदा एक पाऊल पुढं आली होती. “आप्पा, ‘बोलती’ नाही,” ती म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर पारखून ठेवत. “‘बोलते’. ‘लई’ नाही. ‘खूप’. ती घरी खूप बोलते.”

मग मॅडमनी टाळीच वाजवली. “अगं बाई! बोलली की! आणि किती शुद्ध बोलली! ऐकलंत का हो?” त्यांचे डोळे खरोखरच पाणावले. इतके दिवस त्या या एका पोरीसाठी मनातून झुरल्या असणार. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पालकांनी वाजवल्या, मागच्या बाकावरचा एक जण हसत म्हणाला, “घ्या पाहुणं, पोरीनं तुमचीच शाळा घेतली की!” आणि हास्याची एक मोठी लाट वर्गात फुटली. हनुमंतही हसला. खाली बसायला गेला तर बुटक्या बाकात त्याचे गुडघे अडकले, त्यामुळं धड बसताही येईना आणि उभंही राहता येईना, तसाच अर्धवट वाकून तो हसत राहिला. त्याला आनंद झाला होता, हे खोटं नाही. त्याला जे हवं होतं ते अगदी तसंच्या तसं, सगळ्या गावासमोर, मिळालं होतं. हर्षदा मात्र हसली नाही. आपलं बरोबर आलं का, ते ती मॅडमच्या तोंडाकडं बघून ठरवत होती.

सभा संपल्यावर त्यानं तिला सायकलच्या दांडीवर बसवलं. बांध फुटावा तशी ती बोलत सुटली. मॅडमनी काय सांगितलं, मोनालीचं काय चुकतं, कोणता शब्द कसा म्हणायचा, इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं. दुकानांच्या पाट्याही ती परत मोठ्यानं वाचायला लागली. मधेमधे मान वर करून विचारायची, “हो ना आप्पा? बरोबर आहे ना?” हनुमंत पायडल मारत होता. उत्तर त्याच्या तोंडाशी यायचं, ‘व्हय’ की ‘हो’ असं तिथंच अडायचं, आणि मग घर येईपर्यंत तो नुसता ‘हूं’ म्हणत राहिला.